परत फिरायची वाट ठेवा

दहावीचा निकाल लागला की आमच्या सांगली-साताऱ्याकडं पहिला प्रश्न मार्कांचा असतो आणि दुसरा 'मग कुठं टाकलं?' असा. पोराला काय करायचंय हा प्रश्न सहसा निघतच नाही. नव्वदच्या पुढं मार्क असले की सायन्स, गणित बरं असलं की इंजिनिअरिंग, पाठांतर बरं असलं की मेडिकल, एवढी छाननी घरात पुरेशी समजली जाते. ती करतात चुलते, मामा, गावातला एखादा पुण्यात नोकरीला असलेला दादा. सीईटीनंतर कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरताना मोबाईल मामाच्या हातात असतो आणि ज्याची पुढची चार वर्षं त्या फॉर्ममध्ये भरली जातायत तो मुलगा बाजूच्या खुर्चीवर गप्प बसलेला असतो.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यामुळं हे मला दरवर्षी जवळून दिसतं. यावर लिहिणारे बहुतेक जण शेवटी 'मुलांची आवड ओळखा' इथं येऊन थांबतात. मला ते पटत नाही. पंधराव्या वर्षी बहुतेक मुलांना स्वतःची आवड माहीत नसते, आणि त्यात गैर काही नाही. आईवडिलांनी, मामानं, शिक्षकानं एखादी दिशा सुचवली तर तो काही अन्याय नव्हे. कुणीतरी सुचवावंच लागतं. माझी तक्रार पुढची आहे. एकदा त्या वाटेला पोरगं लावलं की परत फिरायची सगळी दारं आपण बंद करतो. निवड चुकण्यानं इतकं नुकसान होत नाही, जितकं ती बदलता न आल्यानं होतं.

आधी आईबापांच्या बाजूनं बोलतो, कारण त्यांना वेडं ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. जत-आटपाडीत, माण-खटावात पाऊस दगा देतो. कृष्णाकाठानं 2005, 2019 आणि 2021 साली महापूर पाहिला. तासगाव, कवठेमहांकाळच्या बागायतदाराला विचारा, द्राक्षाच्या छाटणीनंतर अवकाळी पावसाचे चार दिवस म्हणजे काय असतं. जमिनीच्या वाटण्या होत होत एकरावर, अर्ध्या एकरावर आल्यात. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे आता गावोगाव उघडपणे बोललं जातं. अशा घरातला बाप 'माझं पोरगं एसीत बसून काम करू दे' म्हणतो, तेव्हा तो खोट्या प्रतिष्ठेमागं लागलेला नसतो. दुष्काळातून आणि कर्जातून सुटण्याची वाट शोधत असतो. आमच्या भागानं अशा वाटा आधीही शोधल्यात. साताऱ्याची माणसं मुंबईला गिरणीत आणि माथाडीत गेली, फौजेत गेली. खानापूर-आटपाडीची पोरं सोनं-चांदी गलाईच्या धंद्यात देशाच्या कानाकोपऱ्यात पोचली. इंजिनिअरिंग ही त्याच ओळीतली पुढची वाट.

आणि ती वाट पुष्कळ जणांना फळली, हेही मान्य केलं पाहिजे. सांगलीत विश्रामबागेतलं आजचं वालचंद कॉलेज 1947 साली सुरू झालं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 साली. पण जागा मोजक्या होत्या. ज्यांच्याकडं पैसा होता ते देणगी भरून कर्नाटकात शिकायचे, बाकीच्यांना वाट बंद. 1983 साली मुख्यमंत्री असताना वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. स्वतः फारसं शालेय शिक्षण न मिळालेल्या सांगलीच्या या माणसाच्या निर्णयावर तेव्हा टीका झाली, शिक्षणाचा बाजार मांडल्याचे आरोप झाले, आणि त्यातले काही खरेही ठरले. पण ज्यांच्या घरात कुणी मॅट्रिक नव्हतं अशी मुलं त्या निर्णयामुळं इंजिनिअर झाली. त्यांच्या पगारावर पत्र्याच्या घराचं स्लॅबचं घर झालं, बहिणींची लग्नं झाली, विहिरीवर मोटर बसली. हे मी नाकारणार नाही आणि कुणी नाकारू नये.

फरक असा, की तेव्हा आत शिरणं अवघड होतं. आज ते सोपं झालंय. खुल्या गटातल्या मुलाला बारावीला फिजिक्स, गणित आणि त्याच्या जोडीच्या विषयात 45 टक्के आणि सीईटीचा काहीतरी स्कोअर असला की कुठंतरी प्रवेश मिळतो. एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची मर्यादा एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेनं, 2024-25 पासून काढून टाकली. कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढल्या, सिव्हिल-मेकॅनिकलकडं मुलं पाठ फिरवतात. म्हणजे आज दबाव आहे तो जागा मिळवण्यापुरता नाही. मिळालेल्या जागेवर काही झालं तरी टिकून राहायचं, हा खरा दबाव आहे.

परतीची वाट पहिल्यांदा बुजते ती अकरावी-बारावीत. ही दोन वर्षं खरं तर मुलानं स्वतःला तपासून पाहायची. हा विषय मला झेपतो का, त्यात मन लागतं का, हे इथं कळायला हवं. पण 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली पोरगं नावाला एका कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये. कॉलेजात येतं ते फॉर्म भरायला आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. 2018 साली राज्यानं सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. त्यानं किती फरक पडला हे आमच्या रिकाम्या वर्गांत येऊन पाहावं. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रानं जानेवारी 2024 मध्ये काढली. तरीही आठवी-नववीपासूनच्या 'फाउंडेशन बॅच'चे फ्लेक्स आजही चौकाचौकात दिसतात.

यंदाच्या प्रॅक्टिकलला एक मुलगी माझ्यासमोर उभी होती. फिजिक्सचं प्रॅक्टिकल 30 मार्कांचं असतं. तिच्या वाट्याला स्क्रू गेजनं तारेचा व्यास मोजायचा प्रयोग आला होता. स्क्रू गेजचं लघुत्तम माप किती, शून्यांक दोष असेल तर तो वजा करायचा की मिळवायचा, हे तिनं मी विचारायच्या आत सांगितलं. असली गणितं तिनं क्लासमध्ये शेकड्यानं सोडवली असणार. मग तिनं उपकरण हातात घेतलं, एकदा उलटं धरलं, एकदा सुलटं, आणि हळूच विचारलं, 'सर, हे कुठून फिरवायचं?' तार कुठं धरायची, मागचा रॅचेट टिक-टिक वाजला की थांबायचं, हे मी तिला दाखवलं. पहिलं रीडिंग आलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. 'हे मस्त आहे, सर' म्हणाली. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, सांगितलं नसताना तार थोडी सरकवून चौथं घेतलं. हुशार मुलगी आहे, उद्या कुठल्या तरी चांगल्या कॉलेजात इंजिनिअरिंगला जाईल. पण मोजमापाचा हा आनंद तिला बारावीच्या शेवटच्या महिन्यात मिळाला, तोही अपघातानं. तिच्या जागी दुसरा एखादा असतो, ज्याला हे हातात घेतल्यावर कंटाळा येतो, वैताग येतो. त्यालाही ते तेव्हाच कळतं, आणि तोपर्यंत क्लासची दोन वर्षांची फी भरून झालेली असते.

दुसऱ्यांदा वाट बुजते ती पैशानं. ही सगळ्यात अवघड बाब आहे, आणि तिच्याबद्दल घरात किंवा बाहेर कुणी नीट बोलत नाही. ईबीसीची सवलत, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांच्या नावची शिष्यवृत्ती, शिक्षण शुल्काचा निम्मा भार उचलते. बाकीची फी, हॉस्टेल, मेस, लॅपटॉप यासाठी सोसायटीचं कर्ज, सोन्यावरचं कर्ज, शैक्षणिक कर्ज. शैक्षणिक कर्ज मुलाच्या नावावर निघतं, बाप सहकर्जदार असतो, आणि शिक्षण संपलं की साधारण वर्षभरात हप्ता सुरू होतो, नोकरी लागो न लागो. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा एक जुना विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आला होता. त्याला केटी लागल्या होत्या, म्हणजे काही विषय राहिले होते, पण तो त्यासाठी आला नव्हता. त्याला ते काम करायचंच नव्हतं. कोडसमोर बसलं की आपण दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य जगतोय असं वाटतं, म्हणाला. त्याला भूगोल शिकवायचा होता. मी म्हटलं, घरी बोल. तो म्हणाला, 'कसं बोलू सर? आईच्या पाटल्या बँकेत आहेत.'

त्या आईनं पाटल्या प्रेमानंच ठेवल्या असतील, यात मला शंका नाही. पण ती गोष्ट मुलाच्या कानावर रोज पडते. जेवताना पडते, फोनवर पडते, पाहुण्यांसमोर पडते. 'आम्ही काय काय विकलं ते तुला माहिताय ना?' या एका वाक्यानं मुलाचं तोंड कायमचं बंद होतं.

दागिने मोडून मुलं शिकवण्याची गोष्ट साताऱ्याला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 साली ती साताऱ्याला आणली. वसतिगृहात सगळ्या जातीधर्मांची मुलं एकत्र राहायची. त्यांच्या जेवणासाठी धान्य उरलं नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. ती मुलं त्यांची स्वतःची नव्हती. तो त्याग कुणा एका मुलाच्या खात्यावर लिहिला गेला नाही. 'तू अमुकच हो' अशी अट त्याला नव्हती. उलट भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' ही योजना रुजवली. मुलानं श्रम करायचे, स्वतःच्या कष्टानं शिकायचं, कुणाच्या उपकाराखाली राहायचं नाही. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य आमच्याकडं शाळेशाळेच्या भिंतीवर आहे. त्याच शाळांतून शिकलेले आपण आज पोराला असं शिक्षण देतोय ज्यात पहिल्या दिवसापासून तो आईबापाचा कर्जदार आहे, आणि कर्ज फेडायची पद्धतही आपणच ठरवून दिलेली आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसरी अडवणूक कॉलेजं करतात. पहिल्या वर्षानंतर प्रवेश रद्द करायला गेलेल्या मुलाला 'उरलेल्या वर्षांची फी भर, मग मूळ कागदपत्रं घे' असं सुनावलेलं मी ऐकलंय. विद्यापीठांवर देखरेख करणारी यूजीसी आणि एआयसीटीई, दोघांचीही मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला स्पष्ट मनाई आहे. पण अठरा वर्षांचं पोरगं आणि उसाच्या तोडीतून वेळ काढून आलेला बाप ऑफिसच्या खिडकीसमोर नियम सांगत उभे राहत नाहीत. दाखला मिळणार नाही म्हणतायत, असं म्हणून घरी येतात, आणि पोरगं पुन्हा हॉस्टेलला जातं.

चौथी अडवणूक गावाची. लग्नपत्रिकेत नावापुढं बी.ई. छापायचं असतं. 'पोरगं अर्धवट सोडून आलं' ही बातमी पारावर पोचायला एक दिवस लागत नाही. मुलींचं तर आणखी अवघड. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. चांगला निर्णय आहे, मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण मुलगी कोर्स सोडून घरी आली तर तिला दुसरा कोर्स मिळत नाही, स्थळं बघायला सुरुवात होते. त्यामुळं मनाविरुद्ध शिकणाऱ्या मुली मुलांपेक्षा जास्त चिकाटीनं टिकून राहतात. त्यांचे निकाल चांगले लागतात म्हणून आपण समजतो की सगळं ठीक आहे.

ही कोंडी जीवघेणी ठरू शकते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात 13 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. प्रत्येकामागं अभ्यासाचाच दबाव होता असं म्हणणं बरोबर नाही. पण आपल्याला परत फिरता येणार नाही असं ज्या मुलाला वाटतं त्याच्या मनात काय चालत असेल, याचा विचार करताना हा आकडा डोळ्यांआड करता येत नाही.

याच जिल्ह्यातली एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत, हा डोळ्यांचा दोष तिथं ध्यानात आला. त्यांनी चित्रकला सोडली, यांत्रिक रेखाटन शिकले, पुढं व्हीजेटीआय या मुंबईतल्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. बढती डावलली गेली तेव्हा नोकरीही सोडली. बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. शेतकरी लोखंडी नांगर घ्यायलाच तयार नव्हते. लोखंडानं जमीन नासते अशी समजूत होती. बेळगावची जागाही गेली. तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल स्टेशनजवळचा माळ दिला, आणि 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आमच्या मुलांना ही गोष्ट यशाची म्हणून माहीत असते. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की हा माणूस घेतलेली वाट सोडून पुन्हा पुन्हा वळला, थोरला भाऊ पाठीशी उभा राहिला म्हणून वळू शकला. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडं नव्हती. पण इंजिनिअरिंगवर त्यांचं जे प्रेम होतं ते आज पदवीसाठी रांग लावणाऱ्या किती घरांत सापडेल?

यावर मला हमखास ऐकावं लागतं, 'सर, परत फिरायची मुभा दिली तर पोरं पहिल्या केटीलाच पळून येतील.' हा आक्षेप मी हलका मानत नाही. एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, नापास झाल्यावर सगळ्यांनाच सगळं सोडावंसं वाटतं, आणि अशा वेळी बापानं दम द्यायलाच हवा. पण विषय अवघड जाणं आणि विषय नको असणं यात फरक आहे. तो रागाच्या भरात कळत नाही, निकालाच्या दिवशी तर नाहीच कळत. शांतपणे, ठरवून, वेळ काढून विचारलं तर कळतो. शिक्षकाला तर बहुतेक वेळा कळतोच.

दुसरा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. गरीब घराला एक वर्ष वाया घालवणं परवडत नाही. खरंय. पण पुढचा हिशेबही मांडा. चार वर्षं पूर्ण केली, नोकरी लागली नाही, मग पुण्यात कॉट बेसिसवर राहून जावा-टेस्टिंगचा कोर्स, तिथंही जमलं नाही, मग त्याच पुण्यात एमपीएससीची अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत आमच्या भागातले बी.ई. झालेले किती बसलेत ते जाऊन पाहा. परत तर ही मुलं फिरतातच. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी फिरली असती ती चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी फिरतात, डोक्यावर कर्ज आणि मनात अपराधीपणा घेऊन. एका वर्षाला घाबरून आपण सहा वर्षं खर्च करतो.

कागदावर दारं उघडी आहेत. बारावी सायन्स झालेल्याला बी.ए., बी.कॉम.ला जाता येतं. दहावीनंतर डिप्लोमाला गेलेल्याला इंजिनिअरिंगचं डायरेक्ट सेकंड इयर मिळतं, आयटीआय करून डिप्लोमाकडं वळता येतं. या वाटेनं आलेल्या मुलाचा हात निदान मशीनवर बसलेला असतो, आणि मधेच थांबावं लागलं तरी कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत तो बेकार राहत नाही. मला विचाराल तर गणिताची धास्ती असलेल्या कितीतरी मुलांसाठी हीच वाट अधिक चांगली, पण 'नव्वद टक्के पडून डिप्लोमाला?' म्हणत तिला नाकं मुरडली जातात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची आणि पुढं कधीतरी परत यायची सोय केली आहे. शिकलेलं जमा राहावं म्हणून क्रेडिट बँक आहे. सरकारनं केलेली ही सोय घरानं मान्य केल्याशिवाय उपयोगाची नाही. सर्टिफिकेट घेऊन आलेल्या मुलाला दारातच 'तोंड काळं करून आला' म्हटलं तर त्या धोरणाचा त्या मुलाला काय उपयोग?

म्हणून माझं आईवडिलांना कळकळीचं सांगणं आहे. इंजिनिअरिंगला घाला, जरूर घाला. पण प्रवेशाच्या दिवशीच मुलाला सांगून ठेवा, की पहिलं वर्ष संपल्यावर आपण पुन्हा एकदा बसून बोलणार आहोत, आणि तेव्हा तू जे सांगशील ते ऐकून घेणार आहोत. तारीख ठरवा. निकालाच्या आधीची ठेवा, म्हणजे मार्कांचा विषय मधे येणार नाही. कर्ज काढलं असेल तर ते किती, कुठलं, हप्ता कधीपासून, हे त्याला एकदा नीट कागदावर दाखवा. त्यानंतर पाटल्यांचा आणि शेताचा विषय जेवताना काढू नका.

आणि शिक्षकांनी, संस्थांनीही यात उतरलं पाहिजे. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत गावागावात हायस्कुलं आहेत, ज्युनिअर कॉलेजं आहेत. मुलगा बारावी होऊन गेला की आपली जबाबदारी संपली असं आम्ही मानतो. दर दिवाळीच्या सुट्टीत मागच्या वर्षीच्या बॅचला पालकांसह एकदा शाळेत बोलवायला खर्च काही नाही. वर्ग रिकामेच असतात. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याला ओळखणारा एक शिक्षक, असं अर्धा तास बसायचं. ज्याचं ठीक चाललंय तो चहा पिऊन जाईल. ज्याचं ठीक नाही त्याला निदान एक जागा मिळेल, जिथं बापासमोर बोलताना शेजारी दुसरं कुणीतरी बसलेलं असेल. पाटल्यांबद्दल सांगणाऱ्या त्या मुलाच्या घरी मी गेलो होतो. वडील तासभर काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारलं, 'सर, भूगोलाच्या शिक्षकाला बी.एड. लागतं का?' त्यांना कुणी कधी माहितीच दिली नव्हती.